मागचा गिअर नसलेली स्वीडन

आमच्या गावात कुणी ‘स्वीडन कुठाय?’ असं विचारलं, की लोक आमच्या घराकडं बोट दाखवायचे. शाळेत भूगोलाच्या मास्तरांनी नकाशावर वरच्या अंगाला लोंबणारा तो देश दाखवला, तेव्हा निम्मा वर्ग वळून माझ्याकडं बघायला लागला, आणि मला खरंच वाटलं की देशालाही आमच्या गाडीचंच नाव ठेवलंय. गाडीचं खरं नाव वेगळं होतं. ते मागच्या बाजूला चकचकीत अक्षरांत लिहिलेलं होतं, पण ते म्हणायला आमच्या जिभा वळायच्या नाहीत, आणि पुढं आमच्या एडक्यानं ढुशा मारून त्यातली अर्धी अक्षरं पाडली. मग ती कायमची स्वीडनच राहिली. ‘स्वीडन धुतली का?’, ‘स्वीडन वाड्यावर गेलीय’, ‘स्वीडनखाली कोंबडी बसलीय, बघ’. माझं सगळं तरणेपण या वाक्यांमध्ये गेलं.

आम्ही मेंढरंवाले. ताडकळसच्या अलीकडं, रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर आमचं पत्र्याचं घर, भोवती काट्यांची कुपाटी, आणि कुपाटीच्या आत एका बाजूला माणसं, एका बाजूला मेंढरं. माझे आबा वर्षातले सात-आठ महिने कळप घेऊन बाहेर असायचे. आज या शेतात मेंढरांचा वाडा, उद्या त्या शेतात. मेंढरं रानात बसवली की लेंड्यांचं खत होतं, म्हणून शेतकरी आम्हाला बोलावून घ्यायचे आणि ज्वारी द्यायचे. घरी माय, मी, आणि आबांचा धाकटा भाऊ तात्या. पहाटे जाग यायची ती मायच्या भाकरी थापण्याच्या आवाजानं, मग कोकरांची बें-बें सुरू व्हायची. माय दिवसभर हातातली टकळी फिरवत लोकर कातायची. चालताना कातायची, बोलताना कातायची, म्हणजे बोललीच तर. बाहेरच्या माणसांपुढं माझी माय तोंड उघडायची नाही. घरात तिचं सगळं बोलणं हुलग्याचं माडगं आणि लसणाचा ठेचा यांतूनच व्हायचं. राग आला की ठेच्यात मिरची वाढायची, आणि आबा पाण्याचा तांब्या जवळ ओढून मुकाट जेवायचे.

अशा घरात ती गाडी आली कशी, हे सांगितलं पाहिजे. दुष्काळाच्या दिवसांत आमच्या भागात खडकात बोअर पाडणारी मोठाली यंत्रं आली होती. त्या यंत्रांबरोबर स्वीडनचा एक इंजिनिअर आला. इतका उंच की आमच्या घराच्या दारातून त्याला दुमडून आत यावं लागायचं. सगळे त्याला लांब्या साहेब म्हणायचे. तात्या त्या कामावर ड्रायव्हर होता. साहेबानं आपली गाडी बोटीनं मागवून घेतली होती आणि ती तात्याशिवाय कुणाच्या हातात द्यायचा नाही. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी बॉनेट उघडून तासन्‌तास बोलत बसायचे. काम संपलं, साहेब निघाला, आणि जाताना गाडीचे सगळे कागद तात्याच्या नावावर करून गेला. ‘चालू ठेव’, एवढं एकच मराठी वाक्य तो शिकला होता, ते त्यानं निरोप घेताना तीनदा म्हटलं. तात्या तेव्हा रडला होता. मी पाहिलंय.

गाडी फार विचित्र होती. कामावरच्या दुभाष्याकडून कळलेलं साहेबाचं म्हणणं असं की तिची कंपनी मुळात विमानं बनवणारी. लढाई संपली, विमानांचं काम कमी झालं, तेव्हा त्या लोकांनी मोटार करायला घेतली. मोटार कशी करतात हे त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी त्यांच्या मनानं केली. पुढची काच वाकवून बाजूपर्यंत आणलेली. बॉनेट सगळ्या गाड्यांचं मागच्या अंगाला उघडतं, हिचं पुढच्या अंगाला. किल्ली स्टिअरिंगपाशी नाही, तर खाली, दोन सीटांच्या मधोमध, गिअरच्या दांड्याशेजारी. त्यातही अट अशी, की गाडी मागच्या गिअरमध्ये टाकल्याशिवाय किल्ली निघायचीच नाही. आणि सर्वांत कहर म्हणजे सीट गरम करायची सोय! त्यांच्याकडं बर्फ पडतो, तिथं ती ठीक. आमच्या परभणीत चैत्र-वैशाखात पत्र्यावर हात ठेवला तर फोड येतो, तिथं सीट तापवायची? तात्यानं वर्षभर ती वायर उपसून ठेवली होती. मग एका थंडीत एक मेंढी दोन कोकरं टाकून मेली. कोकरं गारठून लुळी पडलेली. मायनं कुणाला न विचारता ती उचलली, ड्रायव्हरच्या सीटवर ठेवली आणि तात्याला म्हणाली, “लाव ती वायर.” दोन्ही जगली. तेव्हापासून दर हिवाळ्यात आमच्या गाडीत माणसांच्या आधी कोकरं बसायची. साहेबाला हे शाळेतल्या मास्तरांकडून इंग्रजीत पत्र लिहवून कळवलं, तर त्यानं उलट लिहिलं की हे वाचून कंपनीतले लोक फार खूश झाले. खरं की खोटं देव जाणे, पण आम्हाला फार बरं वाटलं.

आणखी एक भानगड होती. गाडीचं स्टिअरिंग डाव्या बाजूला. आपल्याकडं ड्रायव्हर रस्त्याच्या मध्याकडं बसतो, आमचा गटाराकडं बसायचा. कडेचा दगड न् दगड दिसायचा, पण पुढच्या बैलगाडीला ओलांडायचं तर समोरून काय येतंय ते दिसायचं नाही. म्हणून उजव्या सीटवर बसणाऱ्यानं बघून सांगायचं, असा रिवाज पडला. त्या सीटवर बहुतेक वेळा माय असायची, आणि माय तर बोलायची नाही. तिनं आपला मार्ग काढला. रस्ता मोकळा असला की मेंढरं हाकताना करतात तसं “हुर्रर्र” करायची, आणि समोरून काही आलं की मेंढरं थांबवतात तसं “थिर्रर्र थिर्र”. तात्यालाही ही भाषा पाठ, मलाही. आमच्या गाडीत हॉर्न कमी आणि हुर्रर्र जास्त वाजायचं.

मला गाडी शिकवली तात्यानं, पिकं निघाल्यावरच्या मोकळ्या माळावर. मी तेव्हा सतरा-अठराची असेन. कुणी म्हणेल पोरीला कशाला शिकवली. तर मी हट्टी होते म्हणून. अजूनही आहे, माझ्या सुनेला विचारा. महिनाभर मी तात्याच्या मागं लागले, त्याचा चहा बंद केला, त्याची विजार धुतली नाही, तेव्हा तो तयार झाला. स्टिअरिंग हातात आलं त्या दिवशी मला जे वाटलं ते पुढं लग्नातही वाटलं नाही. हे लिहिताना नवऱ्याची क्षमा मागते, पण तो हयात असताना मी त्याला हे सांगितलेलं आहे.

मग एका वर्षी दोन-तीन गोष्टी पाठोपाठ झाल्या. गाडीचा मागचा गिअर गेला. दांडा त्या खाचेत जाईचना. तात्यानं परभणीतले सगळे मिस्त्री पालथे घातले. पट्टा ट्रॅक्टरचा बसायचा, पंप जीपचा बसायचा, पण हा भाग कशाचाच बसेना. साहेबाला पत्र गेलं, उत्तर आलं नाही. आता गाडी फक्त पुढं जाणार. आणि मागच्या गिअरशिवाय किल्ली निघत नाही, म्हणजे किल्ली कायमची तिथंच खोचलेली. त्याच सुमारास मला बघायला पाहुणे येणार होते, आणि त्यांच्या कानावर गेलं की पोरगी मोटार हाकते. पाहुणे ताडकळसपर्यंत आले आणि तिथूनच परत गेले. आबा संतापले. मला म्हणाले, “आजपसून गाडीला हात लावायचा न्हाई. तात्या, किल्ली दे मह्यापशी.” तात्या म्हणाला, “दादा, किल्ली निघत न्हाई.” आबांनी स्वतः वाकून ओढून पाहिली, शिव्या दिल्या, पाय दिला. किल्ली निघाली नाही. शेवटी त्यांनी किल्लीवर एक फडकं बांधलं आणि त्याला गाठ मारली, जणू गाठ सोडायला मला बोटंच नव्हती.

त्यात आमच्या एडक्यानं तात्याच्या नडगीवर ढुशी मारून त्याचं हाड मोडलं. ज्या माणसानं घाटातून गाड्या आणल्या, त्याला घरच्या मेंढ्यानं आडवा केला. पाय प्लास्टरमध्ये, आणि गाडी दारात धूळ खात. आबा कळपावर निघाले तेव्हा जाता जाता सांगून गेले, “मानवतच्या भंगारवाल्याला बोललोय. मी आलो की तो येऊन घिऊन जाईल. मागं न जाणारी गाडी काय कामाची?” तात्या भिंतीकडं तोंड करून पडला. मी मात्र त्या क्षणी ठरवलं, की ही गाडी जाणार नाही. कसं ते माहीत नव्हतं. पण भंगारवाला तिला दोर लावणार असेल, तर आधी मला बाजूला करावं लागेल, एवढं पक्कं होतं.

पंधरा दिवस झाले असतील. एका सकाळी गोदावरीकडच्या अंगानं येणारा एक दूधवाला सायकल टाकून कुपाटीत शिरला. आबांचा निरोप होता: कळपात देवी आल्यात. मेंढ्यांच्या देवी म्हणजे आमच्या घरचं मरणच. ताप येतो, तोंडातून लाळ गळते, अंगावर फोड उठतात, आणि कोकरं तर पटापट जातात. चार गेली होती. ज्यांना अजून लागण झाली नाही त्यांना ताबडतोब लस टोचली, तर कळप वाचणार होता. लस परभणीच्या जनावरांच्या दवाखान्यात. ती बर्फात ठेवावी लागते, ऊन लागलं की तिचं पाणी होतं. एसटीनं परभणी गाठायची, डॉक्टरांना गाठायचं, परत ताडकळसला यायचं आणि तिथून पायी वाडा गाठायचा, म्हणजे दिवस जाणार आणि बर्फही जाणार.

तात्यानं माझ्याकडं पाहिलं. मी फडक्याची गाठ सोडायला लागले होतेच. तेवढ्यात माय आली. मला वाटलं ही अडवणार. तिनं भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधला होता, एका हातात टकळी होती. ती उजवीकडचं दार उघडून बसली आणि म्हणाली, “चल.”

तात्या खाटेवरून ओरडला, “पोरी, ध्यानात ठेव! जिथून वळून भाईर येता येईल तिथंच घुसायचं. गल्लीत शिरू नकोस. मागं येता येत न्हाई!”

लायसन माझ्याकडं नव्हतं, हे आता कबूल करायला हरकत नाही. परभणीचा रस्ता मी तात्याशेजारी बसून शंभरदा पाहिला होता, पण आपण चालवताना तो वेगळाच दिसतो. मी कडेचे दगड बघत होते, माय समोरचं. पिंगळीचा फाटा मागं पडला तोवर मी वरच्या गिअरमध्ये आले होते. दवाखान्याच्या आवारात शिरले, लिंबाच्या झाडाला गरकन वळसा घातला आणि गाडीचं तोंड फाटकाकडं करूनच थांबले. डॉक्टर पायरीवर उभे होते. म्हातारे, चष्मेवाले, आमच्या आबांना ओळखणारे. म्हणाले, “लस हाय, बर्फ हाय, पण जीप दुसरीकडं गेलीय. सांजच्याला येईल.” मी म्हटलं, “गाडी आणलीय.” त्यांनी गाडीत वाकून पाहिलं. “ड्रायव्हर कुठाय?” मायनं टकळीनं माझ्याकडं खूण केली. डॉक्टरांनी चष्मा पुसला, आणखी एकदा बघितलं, आणि लसीचा डबा मांडीवर घेऊन मागं बसले. त्या माणसाचे माझ्यावर फार उपकार आहेत. तेव्हा ते ‘नको’ म्हणाले असते, तर त्यांना कुणी नावं ठेवली नसती.

ताडकळसला नेमका बाजार होता. रस्त्यावर कांदे, मिरच्या, कापडं, बैल, माणसं. माय ‘थिर्रर्र’ करी, मी थांबे. ‘हुर्रर्र’ करी, मी निघे. डॉक्टरांनी एकदा विचारलं, “ह्या काय म्हणायल्यात?” मी म्हटलं, “रस्ता सांगायलीय.” त्यांनी डबा आणखी घट्ट धरला. बाजारातून सुटलो, आणि पुढं ओढ्यावरचा अरुंद पूल लागला. एका वेळी एकच गाडी जाईल असा, कठडा नसलेला. मी अर्ध्यावर गेले आणि समोरून बाजाराच्या माणसांनी ठासून भरलेली एसटी पुलावर चढली.

दोघी थांबलो, म्हणजे मी आणि एसटी. ड्रायव्हरनं हॉर्न दाबला तो दाबलाच. मग खिडकीतून डोकं काढून ओरडला, “ए पोरी! मागं घे!”

मी दार उघडून उभी राहिले. “आमच्या गाडीला मागचा गिअर न्हाई,” मी म्हटलं. “तुमी मागं घ्या.”

सगळी एसटी हसली. ड्रायव्हर म्हणाला, “मग ढकला! चार माणसं देतो.”

“ढकलून मागं गेलो तरी तुमची गाडी जाईस्तोवर बर्फ संपल,” मी म्हटलं. “लस हाय मेंढरांची.”

“मेंढरांसाठी मी एसटी मागं घिऊ? कामून?”

डॉक्टर मागून काहीतरी समजावून सांगू लागले, पण त्यांचं कुणाला ऐकूच जाईना. डब्यातून पाणी ठिबकायला लागलं होतं. ते माझ्या मागच्या सीटवर टप टप पडत होतं आणि मला ते स्पष्ट ऐकू येत होतं. तेव्हा उजवीकडचं दार उघडलं. माय उतरली. डोक्यावरचा पदर नीट केला, टकळी कमरेला खोचली, आणि सरळ जाऊन एसटीच्या तोंडासमोर उभी राहिली. दोन्ही हात पसरले. आणि भरकटलेल्या कळपाला मागं वळवताना जी आरोळी देतात ती तिनं दिली, पोटातून, लांबलचक, “हुर्रर्र हो, हो, हो, मागं!” ती आरोळी माळावर अर्धा कोस जाते. पुलावर तिच्यापुढं हॉर्न कसला टिकतो! एसटीतली माणसं खिडक्यांतून डोकी काढून बघायला लागली. माय एक पाऊल पुढं गेली. ड्रायव्हरनं गिअर टाकला. माय आणखी एक पाऊल पुढं. एसटी मागं. कंडक्टर उडी मारून उतरला आणि मागच्या बाजूला जाऊन शिट्टी वाजवायला लागला. अशी माझी माय, जी परक्या माणसापुढं बोलायची नाही, पावला-पावलानं एसटी हाकत पुलाच्या पार घेऊन गेली. मी तिच्या मागून गाडी काढली. ड्रायव्हरच्या खिडकीशी आले तेव्हा तो म्हणाला, “जा बाई, जा. मह्या घरी बी बकऱ्या हायेत.”

वाड्यावर पोचलो तेव्हा डब्यात बर्फाचे चार-सहा खडे शिल्लक होते. आबा कळपाच्या मधोमध उकिडवे बसले होते, मांडीवर एक कोकरू. गाडी थेट रानात शिरलेली पाहून ते उठले. स्टिअरिंगवर मला पाहिलं. कोकरू खाली ठेवून त्यांनी पहिली मेंढी ओढून आणली. डॉक्टर टोचत गेले, आबा आणि मी धरत गेलो, माय आजारी आणि धडधाकट मेंढरं वेगळी करत गेली. दुपार कलली तेव्हा शेवटची मेंढी सुटली. पुढच्या आठवड्यात अकरा गेली. बाकीचा कळप राहिला.

टोचलेल्या मेंढ्या ओळखू याव्यात म्हणून आबांनी लाल रंग कालवला होता. आम्हा मेंढरंवाल्यांत प्रत्येक घराची खूण वेगळी. आमची म्हणजे पाठीवर तीन बोटं. खुणेची मेंढी आमची, ती दुसऱ्याच्या कळपात गेली तरी आमची, आणि तिच्यावर दुसऱ्याचा हक्क नाही. डॉक्टर हात धुवायला विहिरीकडं गेले, माय चहाला आधण ठेवत होती. आबा रंगाचं डबडं घेऊन गाडीपाशी आले. बॉनेटवरची धूळ धोतराच्या सोग्यानं पुसली. तीन बोटं बुडवली आणि पत्र्यावर ओढली. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, “आता खुणेची हाय. भंगारवाल्याला म्हणावं, न्हाई इकायची.” मी बांधावर बसून हमसून हमसून रडले. त्याआधी दिवसभर एक थेंब आला नव्हता.

नंतर मी रीतसर लायसन काढलं, आणि आबाच परभणीच्या आरटीओ कचेरीत जाऊन अर्जावर फोटो चिकटवून आले. लग्नही झालं, ताडकळसच्याच एकाशी, ज्याला बायको मोटार हाकते याचं अप्रूप होतं. स्वीडन माझ्याबरोबर आली. साहेबाची पत्रं पुन्हा सुरू झाली होती. सुरुवातीला त्यांत नुसती ऐट असायची. आमच्या गाड्या आता डॉक्टर घेतात, प्राध्यापक घेतात, ज्यांना चारचौघांसारखं नको असतं ते सगळे घेतात. मग सूर उतरत गेला. अमेरिकेतल्या कुण्या मोठ्या कंपनीनं त्यांची कंपनी घेतली, आणि साहेबानं लिहिलं की आता आमची गाडी इतरांसारखी करायचं चाललंय, म्हणजे स्वस्तात पडेल. मग तिनंही सोडून दिली. मग कुणी लहान धनी आला. आणि एका पत्रात दोनच ओळी: कारखान्याचं फाटक लावलं, मी फाटकापाशी जाऊन उभा राहिलो. तात्या तेव्हा पार थकला होता; तो आणि माय माझ्याकडंच राहायला आले होते. त्यानं पत्र पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. माय म्हणाली, “सुतक धरावं का काय?” आम्ही हसलो, पण त्या दिवशी तात्या जेवला नाही. संध्याकाळी काठी टेकत गेला, गाडी सुरू केली, आणि तास-दीड तास नुसता इंजिनचा आवाज ऐकत बसला. कंपनी होती तेव्हा तिनं आम्हाला एक गिअर दिला नाही, आणि ती गेल्यावर आम्हालाच घरचं माणूस गेल्यासारखं झालं. मला अजून याचं नवल वाटतं. तात्या गेला, आबा, माय, सगळे गेले. गाडी मी चालू ठेवली. पट्टा ट्रॅक्टरचा, पंप जीपचा, पुढच्या काचेला एक तडा, पण चालू.

परवा पुण्याहून एक तरुण माणूस आला. जुन्या गाड्या जमवतो. आपली लांबलचक गाडी त्यानं माझ्या ताडकळसच्या घराच्या कुपाटीच्या तोंडाशी, स्वीडनच्या समोर लावली आणि आत येऊन तिच्याभोवती देवळात घालावी तशी प्रदक्षिणा घातली. म्हणाला, “आजी, या कंपनीची गाडी आता कुठं मिळत नाही. मी हिला अगदी नव्यासारखी करीन. मागचा गिअर परदेशातून आणीन. हा लाल डाग काय आहे बॉनेटवर? तो घासून काढू.” तो वाईट माणूस नव्हता. त्यानं डागावर हात फिरवला तोही मायेनंच. मी त्याला चहा दिला, भाकरी-ठेचा दिला, त्यानं डोळ्यांतून पाणी काढत खाल्ला. मग मी चपला घातल्या, जाऊन डावीकडं बसले, आणि खाली हात घालून किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात इंजिन लागलं. तो दचकून ताटावरून उठला आणि धावत आला. “आजी, कुठं निघालात?”

“बाजाराला,” मी म्हटलं. “आमच्या गाडीला मागचा गिअर न्हाई. तुमी मागं घ्या.”